बसत नाही

दुपारी कपाट आवरताना आजीचा बटवा हाती लागला आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, ते माझ्या बजेटमध्ये बसत नाही." हे 'बसणे' मला आवडते, कारण ज्यात काही बसते किंवा बसत नाही ती पिशवीच असणार, आणि बजेट मुळात पिशवीच आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये 'बूझेत' म्हणजे चामड्याची लहानशी पिशवी. त्यामागचा लॅटिन 'बुल्गा' हा शब्द रोमनांनी आजच्या फ्रान्समधल्या गॉल लोकांकडून उचललेला. इंग्रजीत शिरल्यावरही त्याचा अर्थ बराच काळ बटव्यापुरताच होता. पुढे 1733 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान वॉल्पोल यांच्या अबकारी कराच्या योजनेवर 'बजेट उघडले' अशा मथळ्याचे एक पत्रक निघाले. त्यात हा मंत्री म्हणजे पोतडी उघडून पुड्या वाटणारा भोंदू वैदू ठरवला होता. एवढ्या झोंबऱ्या थट्टेतला शब्द सरकारने पुढे गंभीरपणे स्वतःला लावून घेतला, याचे मला अजून नवल वाटते. शेजारी दिलेली वाटी रिकामी परत येत नाही, तसा अठराव्या शतकातच तो इंग्लिश खाडी ओलांडून फ्रेंचांकडे परतला, तो आकडे भरून घेऊनच.

आपला 'अर्थसंकल्प' भारदस्त खरा, पण संकल्पात काही बसत नाही. तो पळीभर पाण्याने सोडायचा असतो. म्हणून घरात आपण बजेटच म्हणतो. 2019 मध्ये निर्मला सीतारामन यांनी चामडी पेटी सोडून लाल कापडात गुंडाळलेली कागदपत्रे आणली, तेव्हा मला आधी आठवला तो हाच बटवा.

त्याच्या एका कप्प्यात सुपारी आणि लवंगा, दुसऱ्यात चिल्लर. जत्रेत मी भिंगरीसाठी हट्ट धरला की आजी बटव्यात दोन बोटे घालून बराच वेळ चाचपत राही, जणू आत कोणाशी तरी बोलणी चालली आहेत, आणि मग दोन्ही गोंडे ओढून म्हणे, "पुढच्या वर्षी." कारण तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आज आत एक वाळकी लवंग आणि चार आण्यांचे नाणे निघाले. ते 2011 पासून चालत नाही. मी ते होते तसे आत टाकले आणि गोंडे ओढले.