प्लॅटिनमची तार

गेल्या मंगळवारी जपानहून आलेल्या एका ओळीच्या ईमेलने माझा सगळा आठवडा बिघडवला: ‘आपला काउंटर इलेक्ट्रोड कशाचा आहे, हे कृपया कळवाल का?’ (काउंटर इलेक्ट्रोड म्हणजे मोजमापाच्या सेलमध्ये विद्युतमंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड.)

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या महागड्या प्लॅटिनमला पर्याय म्हणून बर्लिनमधील आमच्या प्रयोगशाळेने केलेली लोह-नायट्रोजन-कार्बनची एकच भुकटी आम्ही आणि जपानमधील सहयोगी गट स्वतंत्रपणे तपासत होतो. तेच ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल, इलेक्ट्रोडचे मिनिटाला तेच १६०० फेरे. तरीही अर्ध-तरंग विभव, म्हणजे प्रवाह त्याच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर असतो ते विभव, आमच्याकडे ०.८६ व्होल्ट आणि त्यांच्याकडे ०.८० येत होते. विभव जितके जास्त तितका उत्प्रेरक चांगला, त्यामुळे हा फरक माझ्या हाताचा आहे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते.

आमच्या सेलमधील काउंटर इलेक्ट्रोड म्हणजे प्लॅटिनमची तार होती. मोजमाप चालू असताना ती आम्लात अत्यल्प प्रमाणात विरघळते आणि ते अणू समोरच्या, भुकटी लावलेल्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतात. म्हणजे ज्याला हद्दपार करण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच मागल्या दाराने येऊन आमच्या लोखंडाच्या नावावर काम करून जात होते! तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी बसवली, भुकटीचा नवा थर दिला आणि आकडा मुकाट्याने ०.८० वर आला.

पुण्यात मी प्लॅटिनमच्याच उत्प्रेरकांवर काम करत असे, तिथे या तारेने फारसे बिघडत नसे, हे कोणी विचारले नसतानाही मी ग्रुपच्या बैठकीत सांगितले. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी कंपनीने २०२० मध्ये पुण्यात हायड्रोजनवर मोटार चालवून दाखवली होती, हेही सांगितले. त्याचा तारेशी संबंध काय, हे कोणी विचारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. खरे तर ती तार मी येण्यापूर्वीपासूनच त्या सेलमध्ये होती.

जपानी गटाचा चाळीस रकान्यांचा तक्ता मला आजवर अपमानास्पद वाटत असे: इलेक्ट्रोडवर लावायची भुकटीची शाई किती, ती कोणत्या तापमानाला वाळवली, ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो संदर्भ इलेक्ट्रोड शेवटचा कधी तपासला. काउंटर इलेक्ट्रोडचा रकाना त्यात होताच. मी तो ‘नेहमीचा’ असे लिहून भरला होता. माझ्या कबुलीला उत्तर देताना त्यांनी ठपका ठेवला नाही. त्यांच्याकडे हीच चूक झाली होती तेव्हाचे आलेख तेवढे जोडले.

त्या तक्त्यात एक्केचाळिसावा रकाना घालावा, असे मी सुचवले आहे: ‘काउंटर इलेक्ट्रोड कोणी व कधी बसवला.’