उत्तर पाठ, गणित कच्चं

"याचं उत्तर क, दादा." प्रश्न अजून वाचूनही झाला नव्हता, तोच विद्यार्थ्याने सांगून टाकलं. सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेचा सराव प्रश्न: १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कुठल्या सबनेटमधला, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या छोट्या गटातला? उत्तर बरोबर होतं, शेवटी ६४ असलेलं.

मग विचारलं, ब्रॉडकास्ट, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप जाणारा पत्ता, किती? गाडी तिथेच अडली.

अवघड काही नाही. /२७ म्हणजे मास्क (गट केवढा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२२४. २५६ मधून २२४ गेले, राहिले ३२. म्हणजे ०, ३२, ६४, ९६ अशा उड्या. ७७ येतो ६४ च्या गटात. पुढचा गट ९६ ला सुरू होतो, म्हणून ब्रॉडकास्ट ९५. होस्टना, म्हणजे गटातल्या यंत्रांना, ६५ ते ९४, एकूण ३०.

गंमत पुढेच आहे. /२६ करा नाहीतर /२८, सबनेट ६४च राहतं! ब्रॉडकास्ट मात्र १२७ आणि ७९ होतो. पाठ केलेला 'क' तिन्ही वेळा खपून जातो.

प्रश्नसंच वाईट नसतात. उरलेले तीन पर्याय का चूक, हे वहीत मांडणं कंटाळवाणं, म्हणून नेमकं तेच गाळलं जातं. त्यात सीसीएनएला मागच्या प्रश्नावर परतही जाता येत नाही.

तुम्ही चुकीचे पर्याय तपासता, की टक्के बघून पुढे?