हिवाळ्याची नोंद: प्लोमोसा रोड ते कोफा

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या वाळवंटात यंदा ऑक्टोबरपासून जमेल तेव्हा मुक्काम केले. बरेचसे क्वार्ट्झसाइटच्या उत्तरेला प्लोमोसा रोडलगत, काही सॅडल माउंटनच्या पायथ्याशी आणि शेवटी कोफा अभयारण्यात. सगळीकडे तोच प्रकार: बुकिंग नाही, आखलेली साइट नाही, नळ नाही, संडास नाही. जमीन सरकारी, जागा आपली आपण शोधायची. गेल्या हिवाळ्यापेक्षा यंदा काय सुधारलं, तेवढं लिहून ठेवतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो जागा निवडण्यात. माझं ठाम मत झालंय की या छंदात निम्मं कौशल्य गाडी कुठे थांबवायची यातच आहे. तंबू, स्टोव्ह, खुर्च्या हे सगळं त्यानंतरचं.

सुरुवात जमीन कोणाची ते दाखवणाऱ्या नकाशाच्या रंगांपासून. पिवळा रंग बीएलएमचा, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा. या खात्याकडे सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत. साधारण नियम 28 दिवसांत 14 दिवस मुक्कामाचा. मग तळ हलवायचा. फिकट निळा रंग राज्याच्या ट्रस्ट जमिनीचा, आणि तिथे परमिट लागतं. अॅरिझोनात प्रत्येक टाउनशिपच्या, म्हणजे जमीन मोजणीच्या मोठ्या चौकोनाच्या, 36 सेक्शनपैकी 2, 16, 32 आणि 36 हे शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला मिळाले. म्हणून पिवळ्यात मधूनच एकेक चौरस मैलाचे निळे चौकोन दिसतात. जमिनीवर मात्र ना कुंपण, ना खूण. तेच झुडूप, तोच खडा. त्यामुळे रंगीत नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घेतो आणि कच्च्या रस्त्याला लागल्यावर आपला निळा ठिपका कोणत्या रंगावर आहे ते बघत राहतो.

मग जमीन वाचायची. प्लोमोसाकडे ठिकठिकाणी काळपट, चकचकीत खड्यांचं सपाट अंगण पसरलेलं दिसतं. खडे इतके घट्ट बसलेले असतात की फरशीच वाटते. त्यावरचा काळा थर लोह आणि मँगनीजचा, तो चढायला हजारो वर्षं लागतात. खालची माती मात्र पिठासारखी मऊ. एकदा चाक फिरलं की खडे दबतात, माती उघडी पडते आणि ती खूण जात नाही. 1942 ते 1944 या काळात अमेरिकन सैन्याचे जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या प्रशिक्षण तळावर याच वाळवंटात रणगाडे फिरले. त्यांच्या पट्ट्यांचे माग काही ठिकाणी आजही दिसतात. हे कळल्यापासून मी नवीन जागा 'काढत' नाही. आधीच्या लोकांनी वापरून कडक झालेली, दगडांचं जुनं चुलाण असलेली जागाच घेतो. तशी मिळाली नाही तर पुढे जातो. म्हणून अंधार पडायच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, हे आता पक्कं.

वॉशबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण नवीन माणसाला तीच जागा सर्वात आवडते. वॉश म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र: मऊ वाळू, काठाला पालो व्हर्डे आणि आयर्नवुडची सावली. पण फांद्यांकडे नीट बघा. कमरेच्या, कधी छातीच्या उंचीवर गवताच्या काड्या, सुकलेला पाला, एखादी प्लास्टिकची दोरी असं सगळं एकाच दिशेला विंचरल्यासारखं अडकलेलं असतं. पाणी तिथवर आलं होतं. वाळूच्या खोलगट भागात चिखलाच्या पापड्या कडा वर वळवून पडलेल्या दिसल्या, तर ते अलीकडेच आलं होतं. जुलै ते सप्टेंबरच्या मॉन्सूनमध्ये कित्येक मैल दूर डोंगरावर ढग फुटला तरी इथे कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो. हिवाळ्यातला पाऊस सहसा संथ असतो, तरी मी तंबू त्या कचऱ्याच्या रेषेच्या वर, काठावरच लावतो. शिवाय रात्री थंड हवा ओढ्यात उतरून साचते. काठावर पहाटे जाणवण्याइतकी ऊब असते.

वारा हा दुसरा विषय. जमिनीत कॅलिचीचा चुनखडी थर असेल तर तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाकतातच. यंदा हार्डवेअरच्या दुकानातून बारा इंची जाड लॅग स्क्रू (लाकडात बसवायचे मोठे स्क्रू) आणले, प्रत्येकाला एक वॉशर, आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सरळ जमिनीत फिरवले. काढतानाही उलटं फिरवलं की झालं, हातोडीने ठोकाठोक नाही. सावलीच्या मोठ्या छतासाठी याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, वर एका दिवसाचं राखीव. भांडी धुवायला लागणारं पाणी फवारणीच्या बाटलीमुळे जवळजवळ शून्यावर आलं. कुकरची खिचडी आणि घरून केलेल्या दशम्या असल्या की ताटलीला पुसण्यासारखं काही उरत नाही. संडासासाठी मैला घट्ट करणाऱ्या जेल पावडरच्या पिशव्या, आणि त्या परत घरी. कोरड्या मातीत मैला कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे पुरून मोकळं होणं मला पटत नाही.

पाणी भरायला क्वार्ट्झसाइटला थांबाल तर तिथल्या दफनभूमीत जरूर जा. 1850च्या दशकात अमेरिकन सैन्याने उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला हाजी अली तिथे पुरला आहे. इकडच्यांनी त्याचं 'हाय जॉली' केलं. दगडी पिरॅमिड आणि माथ्यावर उंट, असं त्याचं स्मारक आहे.

कोफा हे रानमेंढ्यांसाठी 1939 साली राखलेलं अभयारण्य. त्यासाठी अॅरिझोनातल्या स्काउट मुलांनी मोहीम चालवली होती. इथे गाडी ठरलेल्या रस्त्यापासून 100 फुटांच्या आतच उभी करायची. सह्याद्रीत गडावर गेलो की आपण आधी टाकं शोधतो आणि त्याच्या जवळच पथारी टाकतो. कोफातही कातळात पावसाचं पाणी साठलेली टाकी आहेत, पण इथे पाणवठ्यापासून पाव मैल लांब राहणं हाच नियम आहे. माणूस शेजारी बसला तर मेंढ्या पाण्याला येत नाहीत, आणि त्यांना जवळपास दुसरं पाणी नसतं. मला हा नियम मनापासून योग्य वाटतो. तळ लांब ठेवून संध्याकाळी दुर्बिणीतून कडा न्याहाळला. एक मादी आणि पिल्लू उतरताना बराच वेळ दिसले.

एप्रिल संपला की इथला उन्हाळा झेपत नाही, म्हणून पुढचे मुक्काम मोगोलॉन रिमवर, म्हणजे उंच पठाराच्या कडेवर, सात हजार फुटांच्या आसपास पाइनच्या जंगलात. तिथे मे-जूनमध्ये बहुतेक वेळा शेकोटीवर बंदी येते, तेव्हा गॅसचा स्टोव्हच न्यायचा आणि निघण्याआधी वनखात्याची सूचना बघायची. लॅग स्क्रू मात्र तिथल्या मऊ मातीत धरणार नाहीत. त्यासाठी लांब, रुंद पात्याच्या खुंट्या मागवल्या आहेत.