तुम्ही विचारलेत म्हणून: मी माझी कार्डे का विकत नाही

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात असो की कचेरीत, मला हमखास विचारले जाते, "जुन्या बेसबॉल कार्डांना एवढा भाव आला आहे, मग तुमची कार्डे विकून का टाकत नाही?" ही कार्डे म्हणजे बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची, हौसेने जमवली जाणारी छापील कार्डे. विचारणाऱ्याने ऑगस्ट २०२२ ची ती बातमी वाचलेली असते, ज्यात कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीचे, मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ चे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. तेच कार्ड १९९१ मध्ये ५० हजारांना विकले गेले होते, हेही तो मलाच ऐकवतो. माझ्याकडे मँटलचे ते कार्ड नाही, हे मात्र कितीदा सांगितले तरी त्याच्या लक्षात राहत नाही.

पैशाचा मला तिटकारा आहे असे कृपया समजू नका. महासाथीच्या काळात भाव चढले, तेव्हा मी बरीच कार्डे विकली आणि त्या पैशातून घराचे छप्पर बदलले. २०२२ मध्ये भाव उतरले, तेव्हा विकल्याचे समाधानही भरपूर वाटले. तरीही एक कार्ड राहिले आहे आणि तुमच्या प्रश्नाचा खरा रोख, तुम्हाला माहीत नसले तरी, त्याच्याकडे आहे.

मी न्यू जर्सीत आलो त्या काळात रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये टेबले मांडली जात आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर कार्डांचे भाव छापणारे बेकेटचे मासिक असे. भाव त्यात छापलेला असल्यामुळे घासाघीस व्हायची ती कार्डाच्या अवस्थेवरून. विकत घेताना डीलरला जो कोपरा झिजलेला दिसे, तोच विकताना टोकदार दिसू लागे. पण तो कार्ड हातात घेऊन, उजेडात तिरपे धरून पाहत असे आणि जे म्हणे ते आपल्या नावावर म्हणत असे. आता किमतीची चिठ्ठीसुद्धा क्वचित दिसते, कारण भाव आठवड्यात बदलतो. तुम्ही किंमत विचारली की डीलर फोन काढतो, ताजे सौदे पाहतो आणि त्यावरून आकडा सांगतो. शिवाय आता ग्रेडिंग आले आहे, म्हणजे एखादी कंपनी कार्डाची अवस्था तपासून त्याला १० पैकी आकडा देते आणि ते प्लास्टिक डबीत बंद करते. जुने, देखणे कार्ड अशा डबीत बंद नसेल, तर गिऱ्हाइकाला पहिला संशय हाच येतो की, चांगले असते तर यानेच ते ग्रेडिंगला पाठवले नसते का?

हे सगळे वाईटच झाले, असे म्हणायला माझा जुना अवतार मला परवानगी देत नाही. नव्वदीच्या दशकात ग्रेडिंगची बाजू घेऊन भांडणारा मीच होतो. माझे उच्चार ऐकून माझ्यासाठी भाव वाढवणारे आणि घासलेले कार्ड कोरे म्हणून खपवणारे डीलर मी पुष्कळ पाहिले होते. डबीवरचा आकडा माझे नाव विचारत नव्हता. तेव्हाच्या मला आजच्या माझे रडगाणे ऐकवले असते, तर तो हसला असता.

आता त्या कार्डाविषयी सांगतो. ते आहे रॉबर्टो क्लेमेंटेचे १९५५ चे टॉप्स कार्ड, त्याचे पहिलेवहिले. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेला हा खेळाडू ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. त्याचे कार्ड आपल्याकडे असावे, एवढ्या एका इच्छेपोटी मी एका ओळखीच्या डीलरकडून ते उत्तम अवस्थेतले म्हणून घेतले. पुढे अनेक वर्षांनी ते ग्रेडिंगला पाठवले, तर आकड्याविनाच परत आले. माप किमान मर्यादेपेक्षा कमी, असा शेरा होता. १९५५ ची कार्डे पावणेचार इंच लांबीची असत आणि त्या काळची कापणी इतकी ओबडधोबड होती की मूळचेच आखूड कार्ड मिळणे अशक्य नाही. पण कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कोणीतरी घरी बसून कड कापली असणेही तितकेच शक्य आहे. मी ते त्याच डीलरकडे नेले, तेव्हा त्याने कार्डाला हातसुद्धा न लावता सांगितले की, त्या काळी कोणीच मापे घेत नव्हते.

नंतर मी तेच कार्ड दुसऱ्या कंपनीकडे पाठवले आणि तिथून ते डबीत बंद होऊन, ५ हा आकडा घेऊन आले. कार्डात काडीचाही फरक नव्हता. मी पुन्हा त्याच टेबलाशी गेलो. त्याने लेबलवरचा कोड फोनने वाचला, मागचे सौदे पाहिले आणि त्यांच्या सरासरीच्या ८० टक्के द्यायची तयारी दाखवली. पहिल्या कंपनीने हेच नाकारले होते, असे मी म्हणालो, तेव्हा तो आजूबाजूला पाहत म्हणाला, "मोठ्याने कशाला सांगतोस? लेबलवर तसं काही लिहिलेलं नाही." माझा खरा संताप झाला तो यानंतर, कारण एवढे सगळे बोलणे होईपर्यंत त्याने त्या कार्डाकडे एकदाही पाहिले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल की व्यापारी असाच वागणार, आणि ते मला मान्य आहे. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने सर्वांत आधी ग्रेड केलेले कार्ड होते होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे. त्याला १० पैकी ८ गुण मिळाले आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना गेले. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये कोर्टात दिली. तिथे लबाडी जुन्या धाटणीच्या माणसाने केली आणि शिक्का नव्या पद्धतीने मारला, त्यामुळे माझ्या दोन्ही अवतारांना आपापला पुरावा एकाच कार्डात सापडतो.

म्हणून क्लेमेंटे माझ्याकडेच आहे. पहिल्या कंपनीचा शेरा सांगून विकले, तर ५ चा भाव मिळणार नाही. न सांगता विकले, तर नियमाने माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही, आणि खरे सांगायचे तर काही रात्री मला तेच पटते, कारण कड कारखान्यातही कापली गेली असेल. आपल्यापैकी कोणाला ते कार्ड खरेच हवे असेल, तर त्याने घरी यावे. शेऱ्याचा कागद मी डबीसोबतच ठेवला आहे. तो वाचून झाल्यावर किंमत त्यानेच सांगावी.