कर्नल, मेंदू आणि चॉकलेट

काल रात्री जेफ्री लिंग या माणसाबद्दल वाचत बसलो आणि झोपच उडाली. अमेरिकन आर्मीतला कर्नल आणि न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचा डॉक्टर), इराक-अफगाणिस्तानात हात-पाय गमावलेले सैनिक बघितलेला, आणि मग हाच गडी डार्पात, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत बसून सरकारी पैसा कुठल्या रिसर्चला द्यायचा ते ठरवायचा. तिथेच २००६ला कृत्रिम हातांचा प्रोग्राम सुरू झाला, त्यातला एक हात चक्क बुटावरच्या सेन्सरने चालतो, म्हणजे पाय वाकवला की वर हात हलतो! २०१४ला या हाताला एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची मंजुरीपण मिळाली. पण मला भारी वाटलं ते याच प्रोग्राममधलं अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातलं, मानेखाली लुळ्या पडलेल्या एका बाईने २०१२ला नुसत्या विचाराने रोबोटचा हात तोंडाशी आणून चॉकलेट खाल्लं, तेही स्वतःच्या स्वतः.