तुम्ही विचारलंत म्हणून : मोहरीचे प्रवासी

खालच्या मजल्यावरच्या काकू, कार्यालयातल्या मैत्रिणी आणि रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या वेळी भेटणाऱ्या नव्या आया, या सगळ्यांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : एक मुलगा आठ वर्षांचा, दुसरा पाच वर्षांचा, दोघेही घटकाभर एका जागी न बसणारे, अशा घरात देवाचे आभार मानायला तुम्हाला सुचते तरी कसे, आणि तुमची श्रद्धा तुम्हाला शांत ठेवते का? काकूंची विचारण्याची रीत जरा वेगळी आहे. ‘अगं, काल रात्री वर भूकंप झाला होता का?’ असे म्हणून, उत्तराची वाट न पाहता, त्या भाजीची पिशवी उचलतात आणि लिफ्टमध्ये शिरतात.

शांत ठेवते का, याचे उत्तर सोपे आहे. नाही ठेवत. मी ओरडते, आणि माझा आवाज आमच्या इमारतीच्या वाहनतळापर्यंत पोहोचतो, हे पहारेकऱ्याने मला एकदा संकोचत सांगितले आहे. आभाराच्या प्रश्नाला मात्र थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, आणि त्यासाठी मोहरीची गोष्ट सांगावी लागेल.

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे ठाण्यात वाढणाऱ्या मुलाला कोणी ना कोणी सांगतेच. थोरल्याने त्यापुढची माहितीही कुठून तरी मिळवली : चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे ४०० प्रवासी. इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावे पाठ करून तो ती जेवतानाही म्हणू लागला. मग बुटांची खोकी, काड्यापेट्या आणि माझ्या दोन चांगल्या डब्यांची झाकणे यांतून चौदा डबे दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत उभे राहिले. प्रवासी कुठून आणायचे हा प्रश्न त्याने एकट्याने सोडवला. संध्याकाळी मी कामावरून आले, मुलांचे वडील घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकलेले, आणि थोरला फरशीवर पोटावर पडून मोहरीचे दाणे एकेक करून डब्यांत बसवत होता. धाकट्याला तेवढ्यात सुलतान चालवण्याची हुक्की आली. त्याचा पाय बरणीला लागला आणि पाव किलो मोहरी गॅसच्या शेगडीपासून देव्हाऱ्यासारख्या आमच्या बायबलच्या कोनाड्यापर्यंत सर्वत्र गेली.

मोहरी सांडलेली ज्याने पाहिली नाही त्याला हे कळणार नाही. ती लाटेसारखी पसरत नाही, उड्या मारत जाते. मी ओरडले. काय चालले आहे हे विचारण्याआधीच ओरडले, आणि थोरल्याचा चेहरा पडलेला दिसल्यावरही थांबले नाही. मी ओरडून पूर्ण दमल्यावर तो हळूच म्हणाला, ‘आई, एकशे बारा मोजून झाले होते.’

प्रभू येशूने मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरेसा आहे, त्याने डोंगर हलेल, असे सांगितले आहे. पाव किलो सांडल्यावर काय करावे हे कुठे लिहिलेले नाही.

माझे माहेर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आमच्या घरात रात्रीच्या प्रार्थनेत एक शब्द रोज यायचा : उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणे. लहानपणी मला तो फार जड वाटे, कारण घरात ‘उपकार’ हा शब्द एरवी टोमण्यातच ऐकू येई. ताट उचलून ठेवले की आजी म्हणायची, ‘काय उपकार केलेस!’ आपल्या मराठी घरांत कोणी कोणाचे आभार मानत नाही. मुलगा आईला पाण्याबद्दल धन्यवाद म्हणाला तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. त्यामुळे उपकार हा शब्द ओझ्याचा, फेडण्याचा आणि कधी कधी दाखवण्याचा झाला आहे. बायबलच्या मराठीत मात्र त्याला स्तुती जोडलेली आहे, आणि ती जोडली गेल्यावर फेडीचा हिशेबच उरत नाही. जे मिळाले ते मिळाले असे तोंडाने म्हणायचे, एवढेच काम राहते.

थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, प्रेषित पौलाने पत्रात लिहिले, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ ही मंडळी छळ सोसत होती, म्हणजे पौल सुखवस्तू लोकांना उपदेश करत नव्हता. मी हे वाक्य कित्येक वर्षे चुकीचे वाचले. मला वाटे की ‘सर्व स्थितीबद्दल’ आभार मानायचे आहेत, आणि ते जमत नाही म्हणून माझी श्रद्धा कच्ची आहे. मोहरी सांडल्याबद्दल कोणाचे आभार मानणार? पण तेथे ‘स्थितीत’ असे आहे. गुडघ्यांवर बसून, झाडू हातात घेऊन, डोळ्यांत पाणी असताना, जे मुळात चांगले आहे ते नाकारायचे नाही. त्या संध्याकाळी चांगले काय होते ते शोधायला फार लांब जावे लागले नाही : माझ्या मुलाने कंटाळा न करता एकशे बारा प्रवासी मोजले होते.

शाळेच्या डायरीत त्याच्याविषयी ‘एका जागी बसत नाही’ असे लाल शाईने येते. ते खरेच आहे, आणि चाळीस मुलांच्या वर्गात बाईंची अडचण मला कळते. पण बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे, ज्याला देवाने आपल्या आत्म्याने भरले ते प्रवचनासाठी नव्हे, तर सोने, चांदी, पितळ घडवण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी आणि लाकडावर नक्षी काढण्यासाठी. हाताच्या कसबालाही देवाचा आत्मा लागतो, हे वाचल्यापासून आमच्या कपाटावरची रंगीत खडूची आगगाडी पुसण्याची घाई मी करत नाही. बसालेलाच्या बापाचे आणि आजोबांचे नाव तेथे दिले आहे, आईचे नाही. ती बहुधा झाडत असावी.

मोठ्या संकटात आभार आपोआप निघतात. गेल्या वर्षी तलावपाळीला धाकटा होड्यांच्या रांगेपाशी माझा हात सोडून सात मिनिटे दिसेनासा झाला होता. तो भेळवाल्याच्या गाडीमागे सापडला तेव्हा मला कोणी उपकारस्तुती शिकवावी लागली नाही. बारा वर्षांच्या येशूला यरुशलेमेत विसरून मरीया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले होते आणि तो तीन दिवसांनी मंदिरात सापडला, ही हकीकत मी तेव्हापासून फार आदराने वाचते. कठीण असते ते रोजचे : सांडलेले, फाटलेले, पुसावे लागणारे, आणि उपासनेच्या भर प्रवचनात धाकट्याने खणखणीत आवाजात विचारलेले ‘संपलं का?’ (पाळकसाहेब म्हणाले, ‘दोन मिनिटे, बाळा,’ आणि खरोखर दोन मिनिटांत संपवले. त्याबद्दल मंडळीतल्या बऱ्याच जणांनी माझ्या मुलाचे आभार मानले.)

त्या मोहरीच्या रात्री मी थोरल्याची क्षमा मागितली. विचारण्याआधी ओरडले, हे चुकले, असे म्हणाले. तो म्हणाला, ‘ठीक आहे,’ आणि उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी प्रवाशांसाठी साबुदाणा चालेल का, असे विचारले. मी नाही म्हणाले. श्रद्धेला मर्यादा नसली तरी साबुदाण्याला आहे.

मग आम्ही प्रार्थनेला बसलो. आमच्याकडे प्रत्येकाने एका गोष्टीसाठी उपकारस्तुती करायची असते. धाकट्याने डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, ‘प्रभू येशू, गाडी पडली, पण कोणाला लागलं नाही, म्हणून थँक्यू. आमेन.’

थोरल्याने एक डोळा उघडून शेगडीखाली पाहिले. ‘थांब,’ तो म्हणाला, ‘अजून सगळे सापडले नाहीत.’