भिजत घोंगडं

आमच्या एक्सेल शीटमध्ये 64 गुंतवणूकदारांची नावं होती. शेवटच्या रकान्यात रंग भरायचे: होकार हिरवा, नकार लाल, बोलणं चालू असेल तर पिवळा. आठ महिन्यांनी लाल 19 झाले. 14 जणांचं उत्तरच आलं नाही, ते पांढरेच राहिले. बाकीचे 31 पिवळे. हिरवा एकही नाही.

लाल रंगाचं मला आता काही वाटत नाही. घात केला तो पिवळ्याने. "आयडिया आवडली, पण जरा लवकर होतंय." "आधी पैसे घालणारा लीड इन्व्हेस्टर मिळाला की कळवा, आम्ही आहोतच." "पुढच्या तिमाहीचे आकडे पाठवा." मी पाठवत होते. हॉस्पिटलमधल्या यंत्रांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर आहे आमचं. ग्राहक यायला वेळ लागतो, पण आला की सहसा जात नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी माझ्या को-फाउंडरने त्यावर बंदी घातली.

धीर द्यायला लोक एअरबीएनबीची गोष्ट पाठवतात. 2008 मध्ये तिचे संस्थापक दीड लाख डॉलर उभे करायला निघाले होते, सात जणांना विचारलं. पाच जण नाही म्हणाले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. त्यांच्यातल्या ब्रायन चेस्कीने त्या नकाराच्या मेल 2015 मध्ये जाहीर केल्या. मला ती गोष्ट वाचून धीर येत नाही, हेवा वाटतो. सातांत पाच स्पष्ट नकार!

हे घोंगडं भिजत का पडतं, ते मला एका मीटिंगमध्ये योगायोगाने कळलं. मी सहज विचारलं, "तुमचा फंड कितव्या वर्षात आहे?" समोरचा जरा थांबला. म्हणाला, "सहाव्या." व्हेंचर फंडाचं आयुष्य साधारण 10 वर्षांचं. पैसा दुसऱ्यांचा, तो वाढवून परत करायचा असतो. नव्या कंपन्या घ्यायच्या त्या पहिल्या तीन ते पाच वर्षांत, उरलेला पैसा जुन्या कंपन्यांच्या पुढच्या राउंडसाठी, म्हणजे त्या पुन्हा पैसे उभे करतील तेव्हासाठी, राखून ठेवलेला. म्हणजे या माणसाकडे आम्हाला द्यायला बहुधा काही नव्हतंच, आणि त्याच्यासाठी आम्ही तीनदा डेक, म्हणजे आमचं प्रेझेंटेशन, बदलला होता! भेटत राहण्यात त्याचं काय जात होतं? उद्या आम्ही चाललो असतो तर ओळख तयार होती. तेव्हापासून हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते. काहींना आवडत नाही.

नवव्या महिन्यात एका गुंतवणूकदाराची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली. बँकेत जेमतेम चार महिन्यांचे पगार होते. को-फाउंडर म्हणाला, "सही करू या, मग बघू." मी ती रात्रभर वाचली आणि एका कलमाशी अडले: 2एक्स पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली की आधी कुणी किती उचलायचं, याची अट. कागदावर आकडे मांडले. समजा त्यांनी 100 घातले, हिस्सा 20 टक्के, आणि कंपनी 300 ला विकली गेली. आधी दुप्पट, म्हणजे 200 ते उचलणार. उरलेल्या 100 मधले आणखी 20 त्यांचेच. ज्यांच्याकडे 80 टक्के शेअर, त्या आम्हा सगळ्यांच्या वाट्याला 80. हेच कलम साधं, एक पट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग असतं, तर ते 100 घेऊन बाजूला झाले असते आणि आम्हाला 200 उरले असते. कागद सकाळी को-फाउंडरसमोर सरकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

तरी आम्ही लगेच नाही म्हटलं नाही, खोटं कशाला सांगू. रेफरन्स म्हणून त्यांनी तीन फाउंडर्सचे नंबर दिले होते. तिन्ही कंपन्या जोरात, तिघांकडून कौतुकच. मग वेबसाइटची जुनी रूपं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर मी या गुंतवणूकदाराच्या वेबसाइटचं जुनं पान उघडलं. त्यांनी पैसे घातलेल्या कंपन्यांचे लोगो तेव्हा 14 होते, आता 11. गळालेल्या तिघांपैकी एकाने फोन उचलला. त्याची कंपनी बंद पडली होती. "पैसे होते तोवर दर आठवड्याला फोन यायचा," तो म्हणाला. "पैसे संपत आले तसे फोन वकिलाकडून यायला लागले." मग आपणहून म्हणाला, "आमचा एक छोटा एंजल होता, स्वतःचे पैसे घालणारा. शेवटच्या आठवड्यात तो ऑफिसात येऊन बसला. कुणाचा किती पगार द्यायचा राहिलाय, याची यादी आम्ही दोघांनी मिळून केली."

मी त्या एंजलचं नाव विचारलं. शीटमध्ये ते होतं, पंचविसाव्या ओळीत, लाल. सहा महिन्यांपूर्वी दोन दिवसांत नकार दिला होता त्याने, कारणासकट: तुमचे सगळे ग्राहक फुकट ट्रायलवर आहेत, एक तरी पैसे देणारा दाखवा.

आता तसे चार होते. मेल केली. दहा दिवसांत त्याने सेफवर, म्हणजे पैसे आत्ता आणि शेअर पुढच्या राउंडमध्ये अशा करारावर, सही केली. रक्कम लहान, आम्हाला हवी होती तिचा पाचवा हिस्सा. टर्म शीटला आम्ही नकार कळवला. उरलेल्या पैशांसाठी अजून फिरतेच आहे, आणि पगारांचं गणित रोज डोक्यात असतं.

महिन्याचा पहिला अपडेट मी छान सजवून पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन. "त्या चारातला एक ग्राहक सोडून गेला, हे तिसऱ्या पानावर का लिहिलंय?"

पुढच्या महिन्यात ते पहिल्या ओळीत लिहिलं.